दक्षिणेचं दार

उखर्डू वना महाजन यांना गावात सगळे नाना म्हणतात. मागून मात्र 'बंबवाला' म्हणतात, आणि नानांना ते ठाऊक आहे. गावाचं नाव मी सांगणार नाही. गिरणेकाठचं तालुक्याचं गाव आहे, चाळीसगावकडून भडगावला जाताना लागतं की त्याच्या पुढे, ते तुम्हीच शोधा. नाव लिहिलं तर पाचपन्नास माणसं दारात येऊन विचारतील की आमची अब्रू का काढली, आणि अब्रू काढायचं काम नानांनी आधीच नीट केलेलं आहे.

नाना नगरपालिकेच्या अग्निशमन विभागात बाविसाव्या वर्षी लागले, बंबामागे लटकणारे फायरमन म्हणून. मुंबईला सहा महिन्यांचा कोर्स करून आले, हळूहळू वर चढले आणि शेवटी प्रभारी अधिकारी झाले. 'प्रभारी' हा शब्द त्यांच्या नावामागे अकरा वर्षं चिकटून आहे. कायम करायला कुणाला सवड झाली नाही. स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायची नाही. एका उन्हाळ्यात वरच्या साहेबांनी बंब एका पुढाऱ्याच्या घरच्या लग्नाला पाणी भरायला पाठवायला सांगितला. नानांनी किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, आग लागली तर वऱ्हाडाकडून पाणी परत मागायला मी जाणार नाही. त्यानंतर साहेबांनी वर्षभर त्यांची रजा मंजूर केली नाही. नानांनीही मागितली नाही.

यंदा एकतीस मेला नाना निवृत्त होणार होते. शाळेत घालताना मास्तरांनी त्या पिढीच्या अर्ध्या गावाला एक जून हीच जन्मतारीख लावून दिली होती, त्यामुळे नानांबरोबर निम्मी नगरपालिका त्याच दिवशी घरी जायची होती. जाता जाता सगळ्यांशी गोड बोलावं, हारतुरे घ्यावेत, एवढंच काम उरलं होतं. तेवढ्यात प्रेमराजशेठचं सभागृह उभं राहिलं.

बाराशे माणसांचं वातानुकूलित सभागृह. तालुक्यात असं दुसरं नाही. आखाजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथे एकवीस जोडप्यांचं सामूहिक लग्न लावून उद्घाटन करायचं शेठने ठरवलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या. अडलं होतं ते एका कागदावर, अग्निसुरक्षेच्या दाखल्यावर, आणि त्या कागदावर सही नानांची लागत होती.

नाना सही करत नव्हते, कारण मंजूर नकाशात सभागृहाला दोन दारं होती आणि प्रत्यक्षात एकच होतं. दुसरं दार दक्षिणेला होतं. बांधून झाल्यावर शेठने वास्तुवाल्याला बोलावलं. त्याने सांगितलं, दक्षिणेच्या दारातून नवरी बाहेर पडली तर त्या घरचा संसार टिकायचा नाही. झालं. शेठने दार काढलं, विटा लावल्या, गिलावा केला, वर रंग दिला, आणि त्या भिंतीसमोर खोट्या फुलांची कमान लावून सेल्फी काढायची जागा केली. नानांनी तीनदा जाऊन तीनदा नकार लिहिला. तिसऱ्या वेळी शेठ अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "नाना, दार नकाशात आहे ना? मग झालं."

आता यात आणखी एक गाठ होती, आणि ती घरातली होती. त्या एकवीस नवरींमध्ये एक किरण होती, नानांच्या धाकट्या भावाची, पुनाची, मुलगी. नाना आणि पुना यांची घरं एका भिंतीची. नानांना मूलबाळ नाही, त्यामुळे किरण दोन्ही घरांत वाढली. तिच्या लग्नाचा मांडव म्हणजे हेच सभागृह, आणि तो मांडव तिच्या नानानेच अडवून धरला होता.

अशात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात धुळ्याच्या एका कॉलेजात तीन दिवसांची बैठक भरली. इमारतीचे आणि आगीचे नियम सांभाळणारी माणसं देशोदेशांहून येणार, एकमेकांची ओळख करून घेणार, असं पत्रात होतं. एप्रिलात धुळ्याला बोलावणाऱ्याला आगीची खरी कळकळ असली पाहिजे, कारण बाहेर पारा बेचाळीसच्या वर होता. मुख्याधिकारी योगेंद्रसाहेब तरुण, परजिल्ह्यातले, आणि कायम घाईत. त्यांनी नानांना पाठवलं, कारण पाठवण्यासारखं दुसरं कुणी नव्हतं.

भाषणं इंग्रजीत होती. पडद्यावर चित्रं येत होती, जात होती. नाना मागच्या रांगेत बसले आणि अर्ध्या तासात त्यांच्या लक्षात आलं की सभागृहाच्या मागच्या दारापुढे खुर्च्यांची थप्पी लावून ठेवली आहे. ज्या खोलीत आगीतून माणसं बाहेर कशी काढावीत यावर व्याख्यान चाललं होतं, त्याच खोलीतून बाहेर पडायची वाट बंद होती. चहाची सुट्टी झाली, लोक बिस्किटांकडे धावले आणि नाना खुर्च्यांकडे. तिथे दोन माणसं आधीच खुर्च्या उचलत होती.

एक होत्या तहमीना, ढाक्याच्या. कपडे शिवायच्या कारखान्यांची तपासणी करणाऱ्या इंजिनिअर, पन्नाशीच्या, साडीला पिन लावलेली आणि पायात बूट. दुसरे टेकनाथ, नेपाळातल्या एका डोंगरी नगरपालिकेचे इमारत निरीक्षक, बोलायला मऊ, हसायला पटकन. तिघांनी न बोलता सगळ्या खुर्च्या भिंतीला लावल्या, दार ढकलून पाहिलं, ते उघडलं, आणि मगच तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ओळख झाली ती अशी. हिंदी तिघांनाही तोडकीमोडकी येत होती. तहमीनाबाई ती मालिका पाहून शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही सासूने सुनेला सुनावल्यासारखं वाटे. तिघांचा चहा थंड झाला आणि तिघांनी तो तसाच घेतला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना तालुक्यांत फिरवायचं होतं. योगेंद्रसाहेबांनी खटपट करून एक बस आपल्या गावाकडे वळवली. मनात हिशेब सरळ होता. परदेशी पाहुणे सभागृह पाहतील, अभिप्रायाच्या वहीत चार बरे शब्द लिहितील, फोटो येतील, मग नाना कोणत्या तोंडाने सही अडवणार? नानांना त्यांनी बसमध्येच बजावलं की पाहुण्यांपुढे घरची भांडणं काढायची नाहीत.

नानांनी एक शब्दही काढला नाही. हे मी शपथेवर सांगतो. शेठने गुलाबाची फुलं दिली, थंड ताक दिलं, झुंबरं दाखवली. पाहुणे झुंबरांखाली उभे राहिले आणि दारं मोजू लागले. तहमीनाबाईंनी नकाशा मागितला. साहेबांनी कौतुकाने दिला. त्या नकाशा हातात घेऊन खोट्या फुलांच्या कमानीपर्यंत गेल्या, बोटांनी भिंतीवर ठोकून पाहिलं, आणि परत नकाशात पाहिलं. टेकनाथ तोवर बाहेरून वळसा घालून दक्षिणेला गेले होते. तिथे दार बुजवलं होतं, पण पायऱ्या काढायचं शेठच्या लक्षात राहिलं नव्हतं. तीन पायऱ्या चढत होत्या आणि भिंतीला जाऊन थांबत होत्या. टेकनाथ त्या तिन्ही चढले, भिंतीला नाक लावून उभे राहिले आणि मागे वळून अगदी नम्रपणे विचारलं की आत यायचं असेल तर कडी कुठे वाजवायची.

वहीत दोघांनी मिळून एकच ओळ लिहिली. कागदावर दारं दोन, इमारतीत एक. खाली दोघांच्या सह्या, हुद्दे आणि देशांची नावं. शेठच्या फोटोवाल्याने सवयीने त्या पानाचाही फोटो काढला, आणि संध्याकाळपर्यंत तो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर होता.

बस आठ वाजता परत जायची होती. नानांनी दोघांना घरी जेवायला नेलं. त्यांच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवेची भाजी, ठेचा आणि खापरावरचे मांडे केले होते. किरण वाढत होती. मांडा हातावर फिरवत मोठा कसा होतो हे पाहायला तहमीनाबाई चुलीपाशीच बसल्या. टेकनाथांनी नानांच्या नावाचा अर्थ विचारला. नानांनी सांगितलं, आधीची तीन मुलं गेली होती, म्हणून मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर टाकलं आणि परत उचललं. टाकून दिलेल्या पोराकडे यम बघत नाही म्हणतात. तहमीनाबाई हसल्या. त्यांच्या आजोबांचं नाव फेला होतं, फेकलेला, आणि कारण अगदी हेच. मग त्या तिघांमध्ये जे काही परकेपण उरलं होतं तेही गेलं.

म्हणूनच बहुधा नाना बोलले. अठ्ठावीस वर्षं त्यांनी जे प्रमिलाबाईंनाही सांगितलं नव्हतं, ते त्यांनी दोन दिवसांच्या ओळखीच्या माणसांपुढे सांगितलं. गावात कापसाचं एक गोदाम होतं. नाना तपासणीला गेले तेव्हा मागच्या दाराला कुलूप होतं. मालकाने धावत येऊन ते काढलं, दार सताड उघडून दाखवलं. नानांनी कुलूप डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी वहीत लिहिलं, मागील दार खुले. सही केली. चार महिन्यांनी गोदाम पेटलं. कापूस निवडणाऱ्या तीन बाया आत होत्या, बेबाबाई, नूरबी आणि झेलाबाई. तिघी मागच्या दाराशी सापडल्या. कुलूप बाहेरून होतं. पंचनाम्यात नानांचीच वही पुरावा म्हणून लागली आणि तिच्यामुळे मालक सुटला. नानांना कुणी काही बोललं नाही. नानांना त्याचीच चीड आहे.

 मग तहमीनाबाई म्हणाल्या, त्यांनीही एकदा लिहिलं होतं, किल्ली जागेवर उपलब्ध. किल्ली व्यवस्थापकाच्या खिशात होती आणि धूर झाल्यावर व्यवस्थापक सगळ्यात आधी जिना उतरला. आता त्या शिवणाऱ्या मुलींना एकच गोष्ट शिकवतात. नव्या मजल्यावर गेलात की मशीन कुठलं ते नंतर बघा, आधी दारं मोजा आणि स्वतःच्या हाताने ढकलून बघा. टेकनाथांचं आणखी वेगळं. त्यांच्या गावच्या शाळेचा दुसरा जिना कायम बंद असे, पोरं खेळतात म्हणून. त्यांनी ते चालवून घेतलं. भूकंपात वापरातला एकुलता जिना कोसळला आणि दुसऱ्याला टाळं होतं, पण आत एकही मूल नव्हतं. नेपाळात शनिवारी सुट्टी असते.

"माझं पुण्य नव्हतं," टेकनाथ म्हणाले. "शनिवार होता."

किरण हातात भाकरी घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. पाहुणे निघाले तेव्हा तिने तहमीनाबाईंना वाकून नमस्कार केला आणि त्यांचा नंबर घेतला.

दुसऱ्या दिवसापासून नानांवर चहूबाजूंनी आग सुरू झाली. योगेंद्रसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून सुनावलं की पाहुण्यांपुढे गावाची लाज गेली, निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली तर पेन्शनचे कागद किती वर्षं फिरतील याचा विचार करा. नाना म्हणाले, जरूर लावा, चौकशीत पहिला कागद नकाशाच लागेल आणि त्यावर मंजुरीची सही तुमची आहे. साहेबांनी पंख्याचा वेग वाढवला. नाना तिथून थेट सभागृहावर गेले आणि दर्शनी काचेवर स्वतःच्या हाताने नोटीस चिकटवली. दुसरं दार उघडेपर्यंत ही इमारत वापरू नये. डिंक चांगला दोनदा लावला.

त्या संध्याकाळी पुना आला. एकवीस घरांच्या शिव्या खाऊन आला होता. लग्न सहा दिवसांवर, पाहुण्यांना आवतणं गेलेली, व्याह्यांचे फोनावर फोन. तो ओसरीवर बसलाही नाही, सगळ्यांची लग्नं अडवल्याचा जाब उभ्यानेच विचारला.

"बठ्ठासना लगीनं थांबाडीसन तुले काय भेटी, भाऊ?"

"दार भेटी," नाना म्हणाले. "माले तेवढंच जोयजे."

पुना म्हणाला, आजपासून आपली भिंत एक असली तरी घरं वेगळी. तो गेला. नाना जेवले नाहीत. प्रमिलाबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि त्याही जेवल्या नाहीत. हट्ट धरणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी सख्ख्या भावाशी तो धरून पाहावा. नाना सारखे स्वतःला विचारत होते, अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या पापाची किंमत ही पोर का म्हणून देईल?

सकाळी पोरगीच आली. तिने एवढंच विचारलं, "नाना, दार उघडं करं ते तू सही करशी?" नाना म्हणाले, त्याच घटकेला. ती आली तशी गेली.

एकवीस नवरींचा मोबाईलवर एक ग्रुप होता, साड्यांचे रंग जुळवायला काढलेला. किरणने त्यावर विचारलं की दक्षिणेच्या दाराची भीती कुणाकुणाला वाटते. दुपारपर्यंत सतरा जणींनी लिहिलं, आम्हाला नाही. दोघींनी लिहिलं, आईला विचारते. एकीने विचारलं की तिथली फुलांची कमान पण काढणार का. मग किरणने तहमीनाबाईंनी पाठवलेला एक फोटो टाकला, शिवणाऱ्या मुली एका दाराला हात लावून रांगेत उभ्या असलेल्या, आणि खाली गोदामातल्या तीन बायांची नावं लिहिली. त्यातल्या नूरबीची नात यास्मिन किरणच्या वर्गात होती. शेठकडे जाताना तीसुद्धा बरोबर आली, तिचं लग्न नसताना.

शेठच्या पेढीवर चौदा नवऱ्या हळद लागायच्या आधीच उभ्या राहिल्या. शेठ म्हणाला, पोरींनो, तुमच्याच भल्यासाठी तर बुजवलं. किरण म्हणाली, मग आमच्याच भल्यासाठी फोडा. शेठ धंद्यातला माणूस. एका बाजूला वास्तुवाला एक आणि दुसऱ्या बाजूला घरं एकवीस, हे त्याला बोटं न मोजता कळलं. गवंडी दुसऱ्या दिवशी लागले. पण शेठने नानांना ऐकू जाईल अशा आवाजात गवंड्याला सांगितलं की चौकट पक्की बसवू नको. आखाजी होऊ दे, एकतीस मे जाऊ दे, त्या दारात कुणी पाऊल ठेवणार नाही आणि विटा इथेच पडल्या आहेत.

नाना चार दिवस तिथून हलले नाहीत. चौकट पक्की बसली. दाराचा पल्ला बाहेर उघडणारा, आतून ढकलला की सुटणारा, कडी नाही, कुलपाला जागा नाही. नानांनी स्वतः पन्नास वेळा ढकलून पाहिला. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी सही केली. शेठचं बोलणं मात्र डोक्यातून जात नव्हतं. आपण गेल्यावर दार राहणार नाही, हे त्यांना दिसत होतं.

आखाजीला लग्नं लागली. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली. बाराशे माणसं उत्तरेच्या दाराकडे लोटली. रेटारेटी, पोरं रडताहेत, करवल्यांच्या साड्या पायांखाली. दक्षिणेचं दार सताड उघडं आणि त्याच्यासमोर दहा पावलं मोकळी फरशी. कुणी तिकडे फिरकेना. नाना बाहेर उन्हात, पायऱ्यांच्या बाजूला उभे होते. शेठ आतून त्यांच्याकडे पाहून मान हलवत होता, पाहा म्हणून.

किरण नवऱ्याबरोबर गर्दीत होती. तिने मान वळवली, नवऱ्याच्या उपरण्याची गाठ ओढली आणि दक्षिणेकडे चालू लागली. तिची आई रत्ना मागून धावली, तिचा दंड धरला आणि म्हणाली, "ती यमनी वाट शे, बेटा." आसपासची माणसं थांबली. बॅंडवाले थांबले. किरण रडत होती, पाठवणीचंच रडणं, पण आवाज साफ होता.

"त्या तीन बायासले दार भेटनं नही, आई. माले भेटनं शे. मी याच दारथून जासू."

आणि ती उंबरा ओलांडून उन्हात आली. नवरदेव गाठीला बांधलेला, तोही आला. मागून यास्मिन आली, मग दुसरी नवरी, मग तिसरी, मग गर्दीला वाट दिसली आणि वऱ्हाडच्या वऱ्हाड दक्षिणेने बाहेर पडू लागलं. सभागृह किती वेळात रिकामं होतं ते नानांनी घड्याळावर पाहायचं ठरवलं होतं. डोळ्यांना काही दिसेना, म्हणून राहून गेलं.

सगळ्यात शेवटी पुना आला. भावाकडे न बघता तो उंबऱ्यात थांबला, खाली पाहिलं, सावकाश एक पाय टाकला, मग दुसरा.

"पायरी उच्ची शे, भाऊ," तो म्हणाला. "म्हताऱ्यासले जड जाई."

नानांनी खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं.